पांढऱ्या ग्रीसचा हंगाम

२ नोव्हेंबर
आमच्या वंगण कंपनीच्या शाखेचे साहेब, सी बेशीर, यांनी केबिनमध्ये बोलावलं. डिसेंबरात सूसला वंगणवाल्यांची परिषद आहे, स्फाक्स शाखेतर्फे कोण बोलेल, असा त्यांचा प्रश्न. मी लगेच हो म्हणालो. ते जरा वेळ खिडकीबाहेर बघत होते. जबाबदारी मोठी आहे, विचार करावाच लागतो.
विषयही मीच दिला: 'वंगणाने मला काय शिकवलं, आणि यापुढे काय'.
संकल्प: रोज एक धडा लिहायचा. सिगारेट बंद.
धडा पहिला: यंत्र बोलत नाही, पण ऐकतं. (अर्थ नंतर बघणे. टाळ्या नक्की.)

५ नोव्हेंबर
धडा दुसरा सुचला नाही. सिगारेटी दोनच.
पण कल्पना जबरदस्त सुचली. नुसतं बोलून काय उपयोग, दाखवायला हवं. बायकोच्या, नजातच्या, भावाचा, लज़हरचा, अगारेब गावाच्या वाटेवर ऑलिव्हचा घाणा आहे. सासऱ्यांनी उभा केलेला. हंगाम तोंडावर आलाय. तो अख्खा घाणा आपल्या नव्या पांढऱ्या ग्रीसवर आणायचा आणि सूसला फोटो दाखवायचे. खाण्यापिण्याच्या धंद्यात जग आता पांढऱ्या ग्रीसकडेच चाललंय. थेंब चुकून पोटात गेला तरी बाधत नाही. शिवाय विजेच्या गाड्या आल्यावर इंजिन ऑइल घेणार कोण? यापुढे घाणे आणि कारखाने, हेच आमचं पोट. हे मी बेशीरना समजावत होतो तेवढ्यात त्यांना फोन आला. फोन वाजल्याचं मला ऐकू आलं नाही.
नजात म्हणाली, माझ्या भावाचा घाणा सोडून दुसरं काही सापडलं नाही का तुला? बायको चांगली आहे, पण दूरदृष्टी नाही.

९ नोव्हेंबर
घाण्यावर गेलो. लज़हरने चष्मा लावून डब्यासोबतचं माहितीपत्रक वाचलं. पूर्ण वाचलं. असं कुणी करत नाही. म्हणाला, यात लिहिलंय की आधीचं ग्रीस पूर्ण काढा, बेअरिंग धुऊन घ्या, नाहीतर दोन्हींचं जमत नाही, मिश्रण पातळ होतं. म्हणजे घाणा उघडून ठेवावा लागेल, आणि सोमवारपासून तर लोक माल घेऊन येणार.
मी हसलो. सांगितलं, असली पत्रकं वकील लिहितात. नवं ग्रीस आत शिरलं की जुन्याला आपोआप बाहेर ढकलतं, सून आली की सासूचं होतं तसं. सासूबाई दारात उभ्या आहेत हे मला उशिरा दिसलं.
लज़हर म्हणाला, अरे पण पत्रक तुमच्याच कंपनीचं आहे ना? मी म्हणालो, पत्रकाच्या आधीपासून मी कंपनीत आहे. मग तो म्हणाला, तू बहिणीचा नवरा, तुझं नाही ऐकायचं तर कुणाचं. घाणा बापाचा आहे एवढं ध्यानात ठेव.
असा ग्राहक पाहिजे.
ग्रीसगन मी स्वतः मारली. हात आखडला नाही. आमच्याकडे पाहुण्याने पुरे म्हटल्यावर पुन्हा वाढतात, त्याशिवाय वाढलं असं होत नाही. बेअरिंगलाही तोच न्याय. लगदा मळायच्या हौदाच्या बेअरिंगवर सेन्सरही बसवला. आता ते किती तापलंय ते माझ्या फोनवर कळणार. सूसवाले तोंडात बोटं घालतील.

१५ नोव्हेंबर
हंगाम जोरात. अंगणात पोत्यांना पोती लागलेली. प्रत्येक घर आपापल्या ढिगाला चिकटून बसलंय, दुसऱ्याचं एक फळ आपल्यात यायला नको म्हणून. कुणाकुणाची सकाळपासून तिथेच पथारी. तेल निघालं की त्या घरातलं वडीलधारं माणूस गरम भाकरी त्यात बुडवतं, चावतं आणि मान हलवतं. मान हलली की झालं. घाण्याची अब्रू त्या मानेवर.
फोटो काढले. ग्रीस पिवळट आलंय, उजेडाचा दोष.
लज़हर म्हणाला, सीलमधून काहीतरी गळतंय. मी म्हणालो, जुनं ग्रीस निघालंय, सामानसुमान घेऊन चाललंय, जाऊ दे. तो म्हणाला, ते जुन्यासारखंही नाही आणि नव्यासारखंही नाही, शोरब्यासारखं पातळ आहे. मी म्हणालो, आणखी मार.
धडा दुसरा: ग्राहकाला ज्ञान नको असतं, धीर हवा असतो.

१९ नोव्हेंबर, दुपार
बेशीरच्या मुलीचा साखरपुडा. ऐन अंगठीच्या वेळी माझा फोन बोंबलायला लागला. सेन्सर. बेअरिंग तापलंय म्हणे. सगळे माझ्याकडे बघत होते. हे सेन्सर फार हळवे असतात, जरा ऊन लागलं की रडारड. आवाज बंद करून टाकला.
धडा तिसरा: अति माहिती हा नव्या जगाचा रोग आहे. हा सूसला नक्की घ्यायचा.
तिथे सिगारेट घ्यावी लागली. सगळेच घेत होते.

२३ नोव्हेंबर
लज़हरचा फोन. हौदाशी वास येतोय, हात लावला तर चटका बसतो, घाणा थांबवून उघडू का? मी म्हणालो, वेडा आहेस का, अंगण भरलंय, थांबलास तर ढिगातली फळं आतल्या आत तापून आंबतील, मग लोक तुला सोडतील का? त्यालाही ते पटलं. ग्रीस मार म्हणालो. तो म्हणाला, तू एकदा ये आणि डोळ्यांनी बघ. गुरुवारी येतो म्हटलं. आज स्लाइड्सचे रंग ठरवायचे होते.

२६ नोव्हेंबर
नको तो प्रकार झाला.
मबरूकाखालती, म्हणजे मबरूकामावशी, म्हणून गावात एक म्हातारी विधवा आहे. चार झाडं तिची, त्यावर तिचं आणि दोन्ही मुलांच्या घरांचं वर्षाचं तेल. आज तिचा नंबर होता. भाकरी बुडवली, चावली आणि थांबली. मग ओंजळीत थुंकली. म्हणाली, लज़हर, तुझ्या बापाच्या घाण्यात मी परकर नेसून खेळले रे, याला ट्रॅक्टरचा वास येतोय. आणि तिथेच पोत्यावर बसून रडायला लागली. माझ्या पोरांनी वर्षभर काय खायचं, एवढंच म्हणत होती.
कुणी आरडाओरडा केला नाही म्हणे. एकेकाने आपापली पोती उचलून गाडीत टाकली आणि पलीकडच्या घाण्यावर नेली. संध्याकाळपर्यंत अंगण मोकळं. मी पोचलो तेव्हा लज़हर बेअरिंग उघडून बसला होता. आत ग्रीस नव्हतंच, नुसतं पाणचट कालवण. सील जळून गेलेलं, आणि ते कालवण थेंबथेंब हौदात, लगद्यात. त्याने म्हातारीला स्वतःच्या झाडांची सगळी फळं देऊन टाकली. मला म्हणाला, चाखून बघ. मला ॲसिडिटी आहे, डॉक्टरांनी तेलकट वर्ज्य केलंय, तसं सांगितलं.
माझं मत: वय झालं की जीभ जाते.

३० नोव्हेंबर
बेशीरच्या कानावर बाजारातून गेलं. लज़हरने तक्रार केलेली नाही, तरी बेशीरना अहवाल हवा. लिहिला. मोजकाच. 'ग्राहकाने सूचनेप्रमाणे जुने ग्रीस काढले नाही.' यातला शब्दन् शब्द खरा आहे. पुढे: 'तेल खाण्यास योग्य आहे. चवीची तक्रार निराधार.' खाली सही: नौफल.
बेशीरनी वाचलं. विचारलं, हा तुमच्या बायकोचा भाऊ ना? मी म्हणालो, तांत्रिक बाबतीत मी नातं मानत नाही. त्यांनी अहवाल खणात टाकला आणि दुसरी फाइल ओढली. बढतीचा विषय निघेल असं वाटलं, निघाला नाही.

८ डिसेंबर
अहवालाची प्रत नियमाप्रमाणे लज़हरला गेली. त्याचा फोन नाही. सासूबाईंचाही नाही. घाण्यावर एक गाडी फिरकत नाही, ऐन हंगामात. दुसरा कुणी असता तर भांडायला आला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, मोकळं झालं असतं. हा नुसता गप्प.
नजात मुलींना घेऊन माहेरी गेली. मी अंडी खातोय. अंडी मला आवडतात.
संकल्प: लज़हरची समजूत काढायची. सूस झाल्यावर.

२२ डिसेंबर
सूस. माझं भाषण जेवणानंतर ठेवलं होतं. मोजकी पण जाणकार मंडळी. काहींचे डोळे मिटलेले होते, एकाग्रता. अंगणाचा फोटो पडद्यावर आला तेव्हा मागून एकाने विचारलं, हा लज़हरचाच घाणा ना, बंद पडलेला? मी म्हणालो, ग्राहकांची नावं आम्ही गुप्त ठेवतो. तो उठून गेला. त्याच्या मागे आणखी काहीजण, चहाची वेळ झालीच होती.
पहिला धडा मात्र गाजला. एकजण मोठ्याने हसला.

४ जानेवारी
नजात आली. तिच्याकडून कळलं ते असं. घाण्याची यंत्रं महदियाच्या एकाने विकत नेली. ट्रक दिसेनासा होईपर्यंत सासूबाई अंगणात बसून होत्या. लज़हर आता पलीकडच्या घाण्यावर पोती उचलतो. त्याच्या बापाच्या वयाची माणसं त्याला तिथे बघून मान खाली घालतात.
हे सांगताना ती रडली नाही. मीच म्हणालो, वाईट झालं. ती म्हणाली, झालं नाही, केलं.
गाडीतून तिने प्लॅस्टिकचे कॅन उतरवले. मबरूकाखालतीच्या फळांचं तेल. लज़हर म्हणाला म्हणे, हे विकता येत नाही, आणि तेल ओतून टाकणं पाप आहे. खाण्यास योग्य आहे असं नौफलने सहीनिशी लिहून दिलंय, तेव्हा त्याच्याकडे ने. स्वतःसाठी आणि मुलींसाठी तिने दुकानातली बाटली आणलीये. मी म्हणालो, स्फाक्सच्या घरात दुकानातलं तेल, शेजारी काय म्हणतील? ती म्हणाली, म्हणू देत.
माझं ताट वेगळं. माझी भाजी वेगळ्या पातेल्यात, त्या तेलातली. वाटीतही तेच. मुली बघत होत्या. धाकटीने विचारलं, बाबांचं तेल वेगळं का? नजात म्हणाली, त्यांना विचार.
ॲसिडिटीचं नाव काढायची सोय नव्हती. भाकरी बुडवली.
चव लागते.