वारा चालू असताना

जुनी इंदूर,
१८ फेब्रुवारी १९७२

प्रिय दिवाकरदादा,

सप्रेम नमस्कार. आईचा गुडघा बरा आहे. मंगळवारी ती पायीच खजराण्याच्या गणपतीला जाऊन आली. तिकडे नागपुरात वहिनीचा खोकला कसा आहे?

रविवारी मला बघायला मंडळी आली तेव्हा मला ताप होता, असं आईनं तुला कळवलं असेल. ताप नव्हता. मी कॉलेजात होते.

अंतराळातून परतणाऱ्या यानाचा हातभर लांब लाकडी नमुना मी बनवलाय. आमच्या कॉलेजच्या विंड टनेलमध्ये तो टांगतात आणि मोठ्या पंख्याचा वारा सोडतात. आधी शेपटीची पट्टी जराशी वळवायची असली तरी पंखा बंद करा, झाकण उघडा, हातानं वळवा, फिर से चालू. मी नमुन्याच्या पोटात रेडिओवर चालणारी मोटर बसवली. आता वारा चालू असतानाच बाहेरून पट्टी हलते. दोन वर्षं लागली, दादा.

रविवार असूनही त्या दिवशी दिल्लीहून एक मोठे शास्त्रज्ञ ते बघायला आले. आमचे विभागप्रमुख प्रतापराव सर आदल्या दिवशीच म्हणाले होते, "कंट्रोल नंदू चालवेल. मेहमानांसमोर मुलगी बरी नाही दिसत." नंदू माझ्याबरोबरच शिकवतो. मी गुपचूप मागे उभी राहिले.

वारा वाढला तसा नमुना थरथरायला लागला. नंदूचा हातच चालेना. आणखी क्षणभरात तुकडे झाले असते.

"हट भिया!" म्हणत मी कंट्रोलचा डबा हिसकावला. पट्टी दोन अंश खाली घेतली. नमुना स्थिर झाला.

पाहुण्यांनी विचारलं, "किसने बनाया?"

"हमारे डिपार्टमेंट ने," सर म्हणाले.

"मैंने," मी म्हणाले. मग तासभर त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं.

आता जे लिहायचं टाळत होते ते. सोमवारी सरांनी मला कामावरून काढलं. लेखी माफी मागितली तर परत घेतील. पाहुण्यांनी माझं नाव लिहून नेलंय, शब्द काही दिला नाही. आईला अजून माहीत नाही. रोज डबा घेऊन निघते आणि लायब्ररीत बसून प्रयोगाचा अहवाल लिहिते, माझ्या नावानं. हे पत्र टाकून आले की तिला सगळं सांगणार.

ती मंडळी परत यायला तयार आहेत म्हणे. त्यांना नकार कळव. आणि मला 'जरा नमतं घे' असं लिहू नकोस. माफीनामा लिहायला मी तीनदा बसले. चूक काय लिहू, तेच सुचेना.

नोकरी गेलेली, तरी ताठ उभी असलेली
तुझी बहीण
अरुंधती