बावीस पांढरे रुमाल

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

आज पुन्हा पेटवलं! सकाळी सहाला. मी बाळाच्या आंघोळीचं पाणी तापवत होते तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर भसकन आत. प्लास्टिकचा वास, जीभ कडू होते तसा. मागच्या मोकळ्या प्लॉटवर ढीग लावतात. पानं आहेत म्हणतात. पानांखाली काय वाट्टेल ते!

माझी नात दहा दिवसांची आहे. दहा! नाक माझ्यावर गेलंय, म्हणजे चपटं, पण तिला शोभतं. मूठ उघडली की मी रोज बोटं मोजते. तन्वी हसते, "आई, कालचीच आहेत गं सगळी." हसू दे. बाळंतपणाला पुण्याहून माझ्याकडे आली, नवऱ्याने तिकडच्या मोठ्या दवाखान्याचं नाव काढलं होतं, पण पोरीने सांगितलं आईकडे कोटऱ्यालाच जाणार. मला किती बरं वाटलं ते इथेच लिहिते, तोंडाने कुणाला सांगणार नाही.

पण बाळाची छाती वाजते. मांजर घुरघुरावं तशी. बालडॉक्टर म्हणाले, "अम्माजी, धुएँ से बचाइए इसको." कसं बचाऊ? गल्लीला झाकण लावू?

आज गावाला गॅसकांडाच्या दिवसाची सुट्टी. चाळीस वर्षं झाली. आम्ही तेव्हा शहराच्या या अंगाला राहत होतो, वाचलो. ह्यांच्या ऑफिसातले दोन जण नाही वाचले. या शहरातल्या माणसाने तरी काडी ओढताना दोनदा विचार करायला नको?

आंघोळीनंतर बाळाला शेगडीवर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकून छान धुरी दिली. दारं-खिडक्या घट्ट लावल्या. तेव्हा कुठे तो बाहेरचा घाण वास गेला.

५ डिसेंबर

बारसं झालं. स्वरदा! आत्याने कानात कुर्र केलं तर पोरगी डोळे वटारून बघत राहिली. घुगऱ्या थोड्या कच्च्या राहिल्या. शशिकलाने तोंडावर सांगितलं. पलीकडच्या घरातली शशिकला, नागपूरची, चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, तिला गोड बोलता येतच नाही.

पाळणा म्हणता म्हणता चार बायका खोकल्या! मग विषय तोच. शशिकलाचा नातू रोज दम्याचा पंप ओढतो. समोरच्या दुबे भाभींचाही. कोपऱ्यावरच्या मास्तरणीची सून. मी बोटावर मोजत गेले, दोन्ही हात संपले. आमच्या एका गल्लीत! आणि बसलोय घुगऱ्या खात.

८ डिसेंबर, रविवार

आज मी गेले. पायात ह्यांच्या चपला, हातात बादली.

कॉलनीच्या समितीने ठेवलेला झाडूवाला शेकत उभा होता. म्हणे, "अम्माजी, पत्ते ही तो हैं." मी काठीने ढीग उपसला. दुधाच्या पिशव्या, बाळांचे लंगोटवजा ते प्लास्टिकचे, एक अख्खी चप्पल, वायरींची वेटोळी! वायरी कबाड्याच्या, त्या भंगारवाल्याच्या, तो तांब्यासाठी जाळतो. आणि पानं कुणाची? झाडूवाला म्हणाला, दुबेजींच्या अंगणातली. स्वतः टोपली भरून आणून ओतली आणि काडीही स्वतःच लावली. नातू पंप ओढतो आणि आजोबा काडी लावतात!

बादली ओतली. चुर्र झालं. दुबेजी गच्चीवरून, "अरे भाभीजी, जाड़े में सब जलाते हैं!"

सब जलाते हैं. हे उत्तर आहे?

घरी आले तर हे म्हणतात, माझ्या चपला ओल्या केल्यास. यांना कळतच नाही काही. बाळ रडून रडून लाल झालं होतं. जास्त घरघरत होतं. आज दोनदा धुरी दिली. तन्वीचे डोळे चुरचुरत होते, मी म्हटलं थोडं सोसायचं, तुझ्या वेळी मी सव्वा महिना सोसलं, माझ्या सासूबाई खोलीतून शेगडी हलू देत नसत.

११ डिसेंबर

मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर सगळ्या जमलो. उन्हात. सतरा बायका, चार पुरुष, एक कुत्रं. डॉक्टरीणबाईही आल्या. आमच्याच गल्लीतल्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या, अपर्णा त्यांचं नाव, पण सगळे डॉक्टरीणबाईच म्हणतात. त्यांनी सांगितलं, हिवाळ्यात धूर वर जात नाही, घराघरात बसून राहतो, आणि सगळ्यात आधी पोरांची छाती धरतो. आपल्याला ऑफिसात जायचं तर दाखवायला काहीतरी पाहिजे. नुसतं खोकून चालणार नाही.

मग मी बोलले! मी, चौथी शिकलेली. म्हटलं, बाळाची दुपटी गच्चीवर वाळत घातली की काळे ठिपके पडतात. तर प्रत्येक घराने एक पांढरा धुतलेला रुमाल टांगायचा. आठवडाभर हात लावायचा नाही. मग सगळे एकत्र आणायचे. धूर आपणहून सही करेल!

डॉक्टरीणबाई टाळ्या वाजवायला लागल्या. शशिकला पुटपुटली, "आता ही महिनाभर ऐकवणार."

दुसरंही मीच सुचवलं. देवळाच्या फळ्यावर सुविचार लिहितात ना, त्याच्या खाली नावं लिहायची. जो जाळेल त्याचं नाव, घर नंबर, काय जाळलं. कुणी म्हणालं, "आंटीजी, रिश्ते बिगड़ेंगे." मी म्हटलं बिघडू द्या. श्वास काय रिश्त्यांनी घेतात? फेफड्यांनी घेतात! कुणाचंही नाव असो, पुसायचं नाही.

सगळे माना हलवत हओ हओ म्हणाले.

१२ डिसेंबर

रुमाल टांगला. ह्यांचा एक चांगला होता तोच घेतला. मुद्दाम बाळाच्या पाळण्यावरच. तिच्या नाकाशी काय येतं ते दिसू दे जगाला.

१९ डिसेंबर

बावीस घरांचे बावीस रुमाल! ओट्यावर दोरी बांधून टांगले. कुठे राखाडी, कुठे ठिपके ठिपके. प्लॉटला लागून असलेल्या घरांचे जास्त.

आणि सगळ्यात काळा कुणाचा? आमचा! पिवळट, काळपट, चिकट. बघून मला रडू आलं आणि खरं सांगते, थोडा अभिमानही वाटला. मी सगळ्यांना ओरडून सांगितलं, बघा, आमच्या खोलीच्या खिडक्या बंद असतात, रात्रंदिवस, बाळंतिणीला वारं नको म्हणून. तरी एवढा धूर आत शिरतो! तर उघड्या घरांचं काय होत असेल!

डॉक्टरीणबाई रुमाल हातात घेऊन बराच वेळ बघत होत्या.

२० डिसेंबर

वॉर्डाच्या ऑफिसात. अकरा बायका टेम्पोतून गेलो. रस्त्यात शशिकलाने तिळाच्या वड्या काढल्या, आंदोलन का सहल कळेना.

साहेब चहा पीत होते. रुमाल बघून हसले. "माताजी, कपड़े से प्रदूषण नहीं नपता. उसकी मशीन होती है."

मी म्हटलं, तो लाइए मशीन. कब आएगी? तोपर्यंत माझी नात श्वास रोखून धरते!

मग मी आमचा रुमाल त्यांच्या टेबलावर पसरला. म्हटलं, ये सत्ताईस दिन की बच्ची के झूले पर था. बंद कमरे में. साहेबांनी चहा बाजूला ठेवला. पहिल्यांदा नीट बघितलं. त्यांच्या घरीही लहान आहे म्हणे.

लेखी दिलं त्यांनी! सही-शिक्क्यासकट. कबाड्याला नोटीस, प्लॉटवर पानांच्या खताचा खड्डा, जाळलं तर दंड. परत येताना सगळ्या माझ्या रुमालाच्या पाया पडायच्या बाकी होत्या.

२९ डिसेंबर

खड्डा झाला. मी पहिली टोपली टाकली. कबाड्याने वायरींचं बोचकं गुंडाळलं आणि गेला.

फळ्यावर पहिलं नाव. मकान १४, दुबेजी, पत्ते. खड्डा शेजारी असताना पहाटे गुपचूप पेटवलं! मीच पकडलं, मीच लिहिलं. दुबे भाभी दुपारी आल्या, डोळ्यांत पाणी. "बीस साल का पड़ोस है, भाभी. पूरे मोहल्ले में नाक कटवा दी आपने." मी म्हटलं, तुमच्याच नातवासाठी केलं.

चहा न घेता गेल्या. जाऊ देत. कुणाचंही नाव असो म्हणजे असो.

६ जानेवारी २०२५

आठ दिवस झाले, मागे धूर नाही. सकाळी गच्चीवर गेले तर लांबचं झाड न् झाड दिसत होतं. शशिकलाचा नातू चार दिवस पंपाशिवाय!

आणि माझी स्वरदा? काल दवाखान्यात न्यावं लागलं. ओठ निळसर झाले होते. एवढ्याशा तोंडावर तो मास्क लावून वाफ दिली. तन्वी भिंतीला टेकून उभी होती, मी तिचा हात धरला तर तिने सोडवून घेतला. दमली असेल.

डॉक्टरांनी विचारलं, "घर में कोई बीड़ी-सिगरेट पीता है?" मी संतापले! घरी येऊन ह्यांचे सगळे खिसे तपासले. निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी फिरायला जातात, काय माहीत! फक्त बडीशेप सापडली. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

मग कोण जाळतंय? अजून कुणीतरी लपून जाळतंय. मी शोधून काढीन.

सव्वा महिना झाला तरी शेगडी ठेवलीय. इतकी थंडी, आणि छाती अशी. तीनदा धुरी देते आता. तन्वी म्हणाली, "आई, राहू दे ना." आजकालच्या पोरींना सगळं राहू दे.

१२ जानेवारी, रविवार

माझ्याच सांगण्यावरून पुन्हा रुमाल. चोर सापडेल म्हणून. आज दोरीवर टांगले.

एकवीस पांढरे. दुबेंचासुद्धा! बगळ्यांची रांग बसावी तसे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आमचा तसाच. पिवळट, काळपट.

शशिकला पांढऱ्या रुमालांच्या घड्या घालायला लागली. डॉक्टरीणबाई जवळ आल्या, हळूच म्हणाल्या, "ताई, हा टांगला कुठे होता?"

पाळण्यावर.

"तिथे काय जळतं?"

मी म्हटलं, काही नाही. रुमाल ओढून पदराखाली घेतला आणि घरी आले. चपला ओट्यावरच राहिल्या.

१३ जानेवारी, भोगी

काल घरी येऊन रुमाल नाकाला लावला. ओवा. लसणाची सालं. कोळसा.

तन्वीला सांगितलं. ती म्हणाली, "मला महिनाभरापासून वाटत होतं, आई. तू इतकी खूश होतीस." खिडक्या उघडल्या. शेगडी ह्यांनी उचलून नेली.

आज सकाळी देवळात गेले. दुबे भाभी मारुतीला पाणी घालत होत्या. त्यांच्यासमोरच खडू घेतला. दुबेजींच्या खाली माझं नाव लिहिलं — मकान ९, रत्नप्रभा, धुरी. अक्षर वेडंवाकडं आलंय, पण वाचता येतं.