पोस्टमनचा शर्ट राहिलाय

वन्सं,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आता तुमचं ऐकू लागले असतील. नसतील तर शेक चालू ठेवा आणि जिना टाळा. (हे तुमचे भाऊ शिलाई मशीनवरून ओरडून सांगताहेत, मी नुसती लिहून घेतेय.)

यांना नक्की झालंय काय, असं तुम्ही विचारलंत. डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर काढून दाखवलं. मेंदूच्या पार आत, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना लहानशा अंड्यासारखा एकेक गोळा असतो, त्याला थॅलॅमस म्हणतात. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं त्याच्यामार्फतच वर पोचतं. (नाकाचं म्हणे परस्पर जातं. तरीच दूध करपलेलं यांना माझ्याआधी कळतं.) त्याचा मधल्या रेषेकडचा भाग माणसाला जागं ठेवतो, लक्ष आणि उत्साह टिकवतो, नवी आठवण पक्की करतो. काहीजणांत दोन्हीकडच्या त्या भागाला एकाच बारीक रक्तवाहिनीतून रक्त जातं. यांच्यात तसंच निघालं आणि नेमकी तिथेच गुठळी अडकली. तुमच्या माहेरची काटकसर इतकी आतपर्यंत मुरली असेल असं वाटलं नव्हतं हो!

आधी नुसते झोपून असायचे, नजर वर जायची नाही. ते आता सुधारलं. आठवण मात्र नाही. जुनं सगळं शाबूत आहे, नवं टिकत नाही. आजारपणाआधी पोस्टमनला शर्ट शिवून देईन म्हणाले होते, तो शब्द पक्का लक्षात आहे. शिवून दिल्याचं लक्षात नाही. झालं, ‘पोस्टमनचा शर्ट राहिलाय’ म्हणत पुन्हा कापड कापायला घेतात. शिवण अशी सुरेख, की थांबवायला जीव होत नाही. पोस्टमनची सगळी भावंडं आता एकाच चौकड्याच्या शर्टात हिंडतात.

आणि तुम्ही! काल येऊन माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवून गेलात म्हणे. त्याआधी यांच्या कपाळावरून हात फिरवत बसला होतात. यांचं हे सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मोकळी पडलेली जागा मेंदू आपणच भरतो आणि माणसाला ते खरंच वाटतं. मी दिवसभर डोळ्यांसमोर, भेटीचं श्रेय मात्र तुम्हाला! राग येतो, मग यांचा खुललेला चेहरा बघते आणि ‘हो, आल्या होत्या’ म्हणते.

तुम्ही यायची अजिबात गरज नाही. प्रवास सोसायचा नाही तुम्हाला.

तुमची भावजय

ता. क. सोबत एक शर्ट पाठवतेय. तुमच्या यजमानांना ढगळ होईल, पण घालायला लावा.

ता. क. यायची गरज नाही हे यांनी लिहायला लावलं. आता ते कापड कापण्यात गुंतलेत, म्हणून माझं लिहिते. वन्सं, या. ‘त्यानं ओळखलं नाही तर?’ ही भीती मनातून काढून टाका, तुम्हाला ते पायरीवरच हाक मारतील. दुसऱ्या दिवशी ती भेट त्यांना आठवणार नाही, हे खरं. तरी ‘काल ताई आली होती’ असं ते सांगतीलच. तेव्हा एक दिवस तरी मला खरं ‘हो’ म्हणू द्या.