खालच्या गल्लीची डावी बाजू उघडत नसल्याबाबत

प्रति,
मा. पुनर्वसन अधिकारी,
पूल व जोडरस्ता प्रकल्प कार्यालय,
दुसरा मजला, खोली क्रमांक ९.

अर्जदार: खालच्या गल्लीतील घरांचे फोटो काढण्यासाठी आपल्याच कार्यालयाने नेमलेला फोटोग्राफर.

विषय: घर क्रमांक १४ होते, असे मान्य करून तेथे राहणाऱ्या बाईंचे नाव घरवाटपाच्या यादीत ठेवण्याबाबत.

संदर्भ: १) कार्यालयाचे परिपत्रक, कलम सहा. २) माझे यापूर्वीचे चार अर्ज. ३) नोंदणी लिपिकांनी खिडकीतून वेळोवेळी दिलेली तोंडी उत्तरे.

महोदय,

आपण या खुर्चीवर नुकतेच आला आहात. माझे आधीचे चार अर्ज आपल्या आधीच्या साहेबांच्या नावे होते, म्हणून ते आपल्यापुढे ठेवता येत नाहीत असे कळले. त्यामुळे सगळे पहिल्यापासून लिहितो. यादी तीस तारखेला बंद होणार आहे आणि आज सव्वीस आहे. अर्ज लांबला तर माफी असावी.

१. खालच्या गल्लीत बावीस घरे होती. उजव्या बाजूला अकरा, विषम क्रमांकांची. डाव्या बाजूला अकरा, सम क्रमांकांची. पुलाच्या जोडरस्त्यासाठी ती पाडायची ठरली, तेव्हा प्रत्येक घराचा पुरावा म्हणून फोटो काढण्याचे काम मला मिळाले. क्रमांक १४ हे माझ्या थोरल्या बहिणीचे घर. हे मी तेव्हाच लेखी कळवले होते. साहेब म्हणाले होते, “बहिणीचं घर जरा जास्त चांगलं काढू नका म्हणजे झालं.”

२. कलम सहा असे आहे की फोटो ‘कच्च्या स्वरूपातच’ द्यावेत, त्यांवर कोणतीही प्रक्रिया केलेली नसावी. कच्ची फाइल म्हणजे कॅमेऱ्याला जे दिसले ते जसेच्या तसे, न धुतलेल्या फिल्मसारखे. ती उघडायला संगणकात तसा प्रोग्राम लागतो. नियम चांगला आहे. कोणी फोटोत खोटी खोली जोडू नये म्हणून तो केला आहे. मी तो पाळला. आज मला वाटते की थोडा मोडला असता तर बरे झाले असते.

३. पहिल्या दिवशी उजवी बाजू माझ्या जुन्या कॅमेऱ्याने काढली. शेवटच्या घरापाशी त्याचे शटर बसले. एकवीस वर्षे चालले, तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी नवा कॅमेरा घेऊन डावी बाजू काढली. दोन्ही कार्डे कार्यालयात जमा केली, पोच घेतली. त्या दिवशी कोणी फोटो उघडून पाहिले नाहीत, कारण पाहण्याचे टेबल वेगळे आणि जमा करण्याचे टेबल वेगळे.

४. पाच महिन्यांनी घरे पाडली. त्यानंतर फोटो पाहिले गेले. उजवी बाजू उघडली. डाव्या बाजूच्या अकरा फायलींच्या जागी करडे चौकोन आले आणि खाली ‘हा प्रकार ओळखता येत नाही’ असे उमटले. कार्यालयातील प्रोग्राम जुना आहे, माझा कॅमेरा त्याच्यानंतर बाजारात आला. आमच्या भागातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा म्हणाला, “काका, प्रत्येक नवा कॅमेरा आपल्या हस्ताक्षरात लिहितो. या बिचाऱ्याला ते अक्षर कुणी शिकवलंच नाही.”

नोंदणी लिपिकांनी रजिस्टरात प्रामाणिकपणे लिहिले, ‘घर दिसत नाही’. पुढच्या टेबलावर रकाना अरुंद होता. तेथे त्याचे ‘घर नाही’ झाले.

माझा सगळा अर्ज या एका गळलेल्या शब्दाचा आहे.

५. मी काय काय केले ते लिहितो, म्हणजे पुन्हा तेच सुचवले जाणार नाही.

(क) जमा करण्यापूर्वी सगळ्या फायलींची एक प्रत मी ठेवली होती. माझ्या स्टुडिओतल्या संगणकावर या फायली उघडतात. मी त्यांचे छापील फोटो करून आणले. उत्तर: हे पक्के झाले, कच्चे हवे.

(ख) दुरुस्तीवाल्याकडून फायली जुन्या प्रोग्रामला वाचता येतील अशा साच्यात बदलून आणल्या. त्या आपल्या संगणकावर उघडल्या. बहिणीचे दार पडद्यावर दिसले, लिपिकांनीही पाहिले. ते म्हणाले, “छान आलंय हो. पण बदललीय ना तुम्ही? म्हणजे प्रक्रिया झाली.” आणि बंद केले.

(ग) माझा संगणक येथे आणू का, विचारले. बाहेरचे यंत्र जिन्याच्या वर येऊ देत नाहीत.

(घ) नवा प्रोग्राम घालावा अशी विनंती केली. तो या संगणकावर चालत नाही, नवा संगणक लागेल. नवा मिळण्यासाठी जुन्याचे निर्लेखन व्हावे लागते, म्हणजे तो दप्तरातून बाद करावा लागतो. आणि ज्या संगणकावर प्रकरणे प्रलंबित आहेत त्याचे निर्लेखन होत नाही. प्रलंबित प्रकरणे किती, असे मी विचारले. अकरा. कोणती, असेही विचारले. लिपिकांनी डाव्या बाजूची यादी माझ्यापुढे सरकवली. ते मनाने वाईट नाहीत. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

(च) शेवटी त्यांनी सुचवले की नवा कॅमेरा बाजूला ठेवून कोणाचा तरी जुना आणावा आणि डाव्या बाजूचे फोटो पुन्हा काढावेत. मी त्या जागी जाऊन आलो. तेथे आता खडी आहे आणि रोलर उभा आहे. रोलरचा फोटो काढला. तो सोबत जोडला आहे.

६. महोदय, बहीण आता एकोणऐंशी वर्षांची आहे. आठ महिने ती माझ्या स्टुडिओत राहते. दुसरी खोली नाही. तिची खाट पाठीमागच्या रंगवलेल्या पडद्याला लागून आहे. त्या पडद्यावर बाग आहे आणि वर जाणारा रुंद जिना आहे. गिऱ्हाईक आले की खाट उभी करावी लागते आणि तिला पडद्यामागे जावे लागते. तेथे एक स्टूल मावते. खोकला आला तर ती पदर तोंडाशी धरते, कारण फोटोसाठी बसलेली माणसे दचकतात. मागच्या आठवड्यात एक नवे जोडपे आले होते, ते तासभर हलेना. ते गेल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली, “तुझ्या पडद्यावर एवढा मोठा जिना आहे, पण मेला कुठे जात नाही.”

तिने कधी मला बोल लावला नाही. बावीस घरांतल्या उजव्या बाजूच्या सगळ्यांना नव्या इमारतीत खोल्या मिळाल्या. डाव्या बाजूच्या अकरांना माझ्या कॅमेऱ्यामुळे नाहीत. बाकीचे दहा जण रस्त्यात भेटले तर नमस्कार करतात. तो नमस्कार घेणे अवघड जाते.

७. हा अर्ज मी स्वतः लिहिला आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला लिहितावाचता येत नव्हते. फिल्म धुणे, छापणे सगळे येत होते, पाकिटावरचे नाव मात्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. बहिणीने शिकवले. तिच्या उंबऱ्यावर बसून, दारावरच्या आकड्यापासून सुरुवात केली. मी १ आणि ४ दोन्ही उलटे काढत असे, आरशात पाहिल्यासारखे. ती म्हणायची, “उलटे असले तरी चौदाच आहेत ते. घर काही बदललं नाही.” म्हणून आपल्या संगणकाबद्दल माझ्या मनात राग नाही. समोर लिहिलेले असून वाचता न येणे म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. फक्त इतकेच की, मला वाचता येत नव्हते तेव्हा त्या पाकिटावर नावच नाही असे मी कधी म्हटले नाही.

८. आता मुख्य मुद्दा. हा मागच्या चार अर्जांत नव्हता, कारण तो मला गेल्या रविवारी सापडला.

घर क्रमांक १३ हे शिंप्याचे, बहिणीच्या बरोबर समोरचे. ते उजव्या बाजूचे, म्हणजे जुन्या कॅमेऱ्याने काढलेले. फाइल कच्ची आहे, तिला कोणाचा हात लागलेला नाही, आणि ती आपल्या संगणकावर उघडते. शिंप्याच्या घराला रस्त्याकडे मोठी काच होती. फोटोत काचेत समोरचे काही दिसणे ही आमच्या धंद्यात चूक समजतात. थोडे तिरके उभे राहून ती टाळायची असते. त्या दिवशी मी टाळली नाही, कारण पाठीमागून बहीण ओरडली होती, “चहा निवतोय, किती वेळ त्या काचेकडे बघतोस?” मी घाईने बटण दाबले आणि गेलो.

त्या काचेत मी कॅमेऱ्यावर वाकलेला आहे. माझ्या मागे निळे दार आहे, दारावर आकडा आहे, आणि चौकटीला हात लावून बहीण उभी आहे. आकडा उलटा आहे. तो चौदा आहे.

मी सोमवारी हे लिपिकांना सांगितले. त्यांनी असे सांगितले की १३ क्रमांकाचे प्रकरण निकाली निघाले असून ती फाइल बंद झाली आहे, बंद फाइल उघडता येत नाही. म्हणजे बहिणीची फाइल उघडी आहे, पण उघडत नाही. शिंप्याची उघडते, पण ती बंद आहे. मी दोनदा विचारून खात्री केली. शिंप्याने संमती दिली तर उघडता येईल, मात्र मग त्याचेही प्रकरण पुन्हा प्रलंबित धरले जाईल. शिंप्याने दोन दिवस विचार केला. त्याची सून बाळंतीण आहे. तरी त्याने पत्र दिले. त्यात एकच ओळ आहे: ‘माझी फाइल उघडावी, पण उघडून लगेच बंद करावी.’ हे पत्र वापरायची वेळ माझ्यावर आणू नये, ही विनंती.

९. तरी माझे मागणे असे. कागदाची फाइल अभिलेख कक्षातच राहू द्यावी. आपण फक्त संगणकावर १३ क्रमांकाचा फोटो स्वतः पाहावा. डावीकडची काच मोठी करून पाहावी. पाहणे ही प्रक्रिया होत नसावी, कारण कलम सहामध्ये तसे लिहिलेले नाही, मी ते शब्द लावून वाचले आहे. पाहिल्यावर रजिस्टरात ‘घर नाही’ याच्या मध्ये गळलेला शब्द परत घालावा, किंवा जमल्यास ‘घर दिसले’ असे लिहावे. बाकीच्या दहा घरांसमोर काच नव्हती, लाकडी फळ्या होत्या. बहिणीचे एक प्रकरण कमी झाले तर दहा उरतील. त्यांच्यासाठी संगणकाला नवे अक्षर शिकवावे लागेल. उशिरा शिकता येते, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

दारावरचा आकडा उलटा आहे या कारणास्तव फोटो नाकारला जाईल, अशी भीती लिपिकांनी घातली आहे. त्यासाठी सोबत हातातला आरसा जोडला आहे. पाहून झाल्यावर परत मिळावा, तो स्टुडिओत गिऱ्हाइकांना केस नीट करायला लागतो.

आपल्या वेळेचा मान ठेवून, उत्तराची येथेच वाट पाहत आहे.

आपला नम्र,
(सही)
फोटोग्राफर, वय ७४
दिनांक: २६, सकाळी सव्वादहा

सोबत:
१) दोन्ही कार्डे जमा केल्याची पोच.
२) शिंप्याचे संमतिपत्र, घडी घातलेले. शक्यतो उघडू नये.
३) रोलरचा फोटो.
४) आरसा, एक.
५) थोरली बहीण, समक्ष. आपल्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली आहे. मूळ प्रत, कोणतीही प्रक्रिया केलेली नाही.