निनावी पत्राचा मुद्देनिहाय खुलासा

१० एप्रिल, सकाळी ६.१०
काल वरच्या मुख्यालयातून सर्क्युलर आलं. विषय: नेतृत्व आणि संस्थेची संस्कृती. सर्व अधिकाऱ्यांनी मोकळेपणाने मत लिहून थेट जनरल साहेबांच्या ऑफिसला पाठवावं. नाव घातलं तरी चालेल, नाही घातलं तरी चालेल. एकवीस वर्षं नोकरी झाली, लेफ्टनंट कर्नल झालो, या डेपोचा डेप्युटी कमांडंट झालो, आणि आत्ता कुठे कोणी विचारलं. आता सुट्टी नाही.
ही रोजनिशी आजपासून. मराठीत लिहितो आहे, कारण कमांडंट साहेबांना मराठी येत नाही.
संकल्प एक: खरं ते लिहिणार. संकल्प दोन: आजपासून 'येस सर' बंद.

१० एप्रिल, संध्याकाळ
'येस सर' एकूण एकोणतीस वेळा. त्यातले सहा तरी उपरोधाने म्हटले. साहेबांच्या लक्षात आलं नसावं.

१३ एप्रिल
मसुदा तयार. मुद्दे नऊ. खालून वर फक्त गोड बातमी जाते. कमांडंटना उन्हाळा आहे हे सांगायचीही कोणाची हिंमत नाही. जनरल येणार म्हटलं की झाडांच्या बुंध्यांना गेरू, दगडांना चुना आणि कामाला सुट्टी. वगैरे. इंग्रजी फर्मास उतरलं आहे.
घरी, मनीषनगरला, श्वेताला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, हे तुम्ही पाठवून राहिले का मलेच ऐकवून राहिले? बायकोला स्ट्रॅटेजी समजत नाही. योग्य वेळ यावी लागते.

१६ एप्रिल
मसुदा कॅप्टन दीक्षाला दाखवला. वर्ध्याची मुलगी, आपल्याकडचीच. कामाला वाघ. पुढच्या मोठ्या कोर्सला तिचं नाव गेलं आहे, दोन वर्षांपासून त्याचा अभ्यास करते आहे. वाटलं, तरुण पिढीला जरा प्रेरणा मिळेल.
वाचून म्हणाली, सर, एक नंबर आहे. खाली तुम्ही सही करा, मी पण करते. युनिटचे डॉक्टरसाहेबही करतील, त्यांना मी विचारते.
उत्साह चांगला आहे. पण सही ही शेवटची गोळी असते, ती पहिल्याच दिवशी झाडायची नसते, असं समजावलं. मसुदा परत माझ्या हातात दिला. पटलं असावं.

२२ एप्रिल
पारा ४४. जनरल साहेबांचा दौरा ३ मेला नक्की झाला. आज कॉन्फरन्स. प्रेझेंटेशनचा हॉल तापतो म्हणून जवानांच्या बराकीतले बाराच्या बारा कूलर काढून हॉलमध्ये लावायचे, असा कमांडंट साहेबांचा हुकूम. दौरा होईपर्यंत कूलर तिथेच राहणार.
सगळे वहीत लिहून घेत होते. दीक्षा उभी राहिली. म्हणाली, सर, बराकीवर पत्रे आहेत, पोरं झोपणार कशी? दौरा एका तासाचा आहे, कूलर अकरा दिवस काहून न्यायचे? खरंच 'काहून' म्हणाली. रागात हिंदी सोडून गावच्या बोलीवर आली.
साहेबांनी माझ्याकडे बघितलं. डेप्युटीचं मत काय? मी म्हटलं, सर, मुद्द्याला दोन बाजू आहेत. दुसरी बाजू कोणती ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितली नाही. कूलर हलले.
नंतर व्हरांड्यात दीक्षाला सांगितलं की मी पूर्णपणे तुझ्या पाठीशी आहे. ती म्हणाली, हो सर, मागे वळून बघितलं होतं मी. मुलगी हजरजबाबी आहे.

२६ एप्रिल
पाठवलं! कूलरचा दहावा मुद्दा घालून. ऑफिसच्या प्रिंटरवर छापणं धोक्याचं, म्हणून साध्या कपड्यांत, डोक्यावर टोपी आणि तोंडाला दुपट्टा बांधून सदर भागातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. या उन्हात अर्धं नागपूर असंच फिरतं. झेरॉक्सवाल्याने प्रत हातात देण्याआधी उभ्या उभ्या वाचून काढली. म्हणाला, तक्रार तं जबरदस्त लिहिली, भाऊ, पण खाली सही काहून नाही करून राहिले? त्याला म्हटलं, नाव नसलं तरी चालतं, तसं सर्क्युलर आहे. तो म्हणाला, मंग वाचणारे बी बिना नावाचेच असतीन.
सिव्हिलियनांना शिस्त कळत नाही. तरी आज एकवीस वर्षांत पहिल्यांदा ताठ मानेने दुपारी झोपलो.

३० एप्रिल
दौऱ्याची रंगीत तालीम. जनरल साहेब जवानांना 'कोणाचा काही पॉइंट?' असं विचारतील, तेव्हा उत्स्फूर्तपणे कोणी काय विचारायचं याचं वाटप माझ्याकडे आहे. तीन जवान निवडले. पहिला कँटीनची वेळ विचारणार, दुसरा व्हॉलीबॉलची जाळी मागणार, तिसरा काही विचारणार नाही, नुसते आभार मानणार. तिसऱ्याचा उत्स्फूर्तपणा कमी पडत होता, चार वेळा करून घेतला.
या असल्या नाटकांवर माझ्या पत्रात मुद्दा क्रमांक चार आहे.
संकल्प: दौऱ्यात अधिकाऱ्यांना विचारतील, तेव्हा मी स्वतः उठणार. पत्र एकीकडे, पण समोरासमोर बोलण्याची गोष्टच वेगळी.

३ मे, दुपार
दौरा झाला. पारा ४५. हॉल मात्र महाबळेश्वर. जवानांचे तीन पॉइंट तालमीप्रमाणे झाले. मग जनरल साहेबांनी अधिकाऱ्यांना विचारलं, एनी पॉइंट्स? मी उठलो. निम्मा उठलो. तेवढ्यात कमांडंट साहेब वळून बघायला लागले, म्हणून खुर्ची सरळ केली. मग सगळ्यांच्या वतीने कोणीतरी उत्तर द्यायचं असतं, पहिल्या रांगेत मीच, म्हणून 'नो पॉइंट्स, सर' असं खणखणीत सांगितलं. जनरल साहेब म्हणाले, हॅपी युनिट.
शिपाई पियुष रस्त्याच्या कडेला झेंडा धरून दोन तास उभा होता, तो पडला. अकरा रात्री धड झोप नाही, वरून ऊन. युनिटच्या दवाखान्यात सलाईन लावलं. दीक्षा त्याच्याजवळ बसून होती, त्यामुळे जनरल साहेबांसोबतच्या ग्रुप फोटोत ती नाही. असं करायला नको होतं तिने. फोटोला महत्त्व असतं.

९ मे
अरे देवा.
कमांडंट साहेबांनी बोलावून एक फाइल हातात दिली. आत माझं पत्र! जनरल साहेबांच्या ऑफिसने ते 'अभिप्रायासाठी' कमांडंटकडेच पाठवलं आहे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यालाच विचारलं की बुवा तक्रार खरी आहे का. साहेब म्हणाले, मोहित, युनिटमध्ये तुझ्यासारखं इंग्रजी कोणाचं नाही. मुद्देनिहाय खुलासा तयार कर. सगळं खोटं आहे, हे सभ्य भाषेत आलं पाहिजे.
येस सर, म्हटलं. उपरोध नव्हता.

१० मे
खुलासा लिहिला. सुरुवातीला जड गेलं. मग हात बसला. दहाच्या दहा मुद्दे खोडून काढले. 'खालून वर फक्त गोड बातमी जाते' याला उत्तर: युनिटमध्ये मोकळा संवाद आहे, दौऱ्यात जवानांनी स्वतःहून तीन पॉइंट मांडले. कूलरचं उत्तर तर असं जमलं आहे की मूळ तक्रार करणाऱ्यालाही पटावं. मला पटलं.
हेडक्लार्क चंद्रभान टाइप करता करता दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत होता. म्हणाला, साहेब, लिहिणाराही तयारीचा आहे आणि खोडणाराही. विनाकारण हसला. जुना माणूस आहे, दुर्लक्ष केलं.

१२ मे
खुलासा साहेबांना अतिशय आवडला. लस्सी मागवली. यंदाच्या माझ्या एसीआरबद्दल, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालाबद्दल, दोन शब्द चांगले बोलले. जूनमध्ये प्रमोशन बोर्ड आहे.
बोलता बोलता पत्र कोणाचं असावं यावर विषय आला. मग कूलरचा विषय निघाला. कोणी काढला ते आता नीट आठवत नाही. साहेबांचा संशय दीक्षावर गेला.
हे चुकीचं आहे. उद्या सकाळी सरळ जाऊन सांगणार: सर, पत्र माझं आहे.

१३ मे
साहेबांच्या मिसेसचा वेल्फेअरचा कार्यक्रम होता. अशा वेळी विषय काढणं बरं दिसत नाही.

१५ मे
गेलो. दार लावून घेतलं. म्हटलं, सर, एक महत्त्वाचं बोलायचं आहे. ते म्हणाले, बोल. लॉनच्या पाण्याबद्दल बोललो.
दुपारी दीक्षाला आत बोलावलं होतं. पाऊण तास. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. एसीचा थेट झोत बसतो त्या खुर्चीवर.

२१ मे
दीक्षाची बदली. महिन्याच्या आत निघायचं. कोर्सच्या यादीतून तिचं नावही परत मागवलं, 'वृत्तीत सुधारणेला वाव' असा शेरा देऊन. शेऱ्याचं इंग्रजी साहेबांनी माझ्याकडून तपासून घेतलं. मी 'वाव'च्या आधी 'थोडा' घातला. एवढं तरी केलंच पाहिजे होतं.
श्वेताला सांगितलं. म्हणाली, आता तरी जाऊन सांगाल का नाही? म्हटलं, सांगून आता काय होणार, ऑर्डर निघाली. ती म्हणाली, काल नव्हती निघाली. मग आपलं ताट घेऊन आत गेली.

३० मे
दुपारी मेसमध्ये दीक्षाचा निरोप समारंभ. भाषण डेप्युटीने करायचं असतं. तिच्या स्पष्टवक्तेपणावर बोललो, असे अधिकारी संस्थेला हवेत असं म्हटलं. टाळ्या कमांडंट साहेबांनी सुरू केल्या.
ती निघताना गाडीपर्यंत पोचवायला गेलो. आजूबाजूला कोणी नव्हतं. सांत्वन करावं म्हणून म्हटलं की तू माझं नाव घेतलं नाहीस, मी विसरणार नाही. तिने सामान डिकीत ठेवलं, डिकी लावली. मग एकदम गावच्या बोलीत म्हणाली, साहेबांनी मले तीनदा विचारलं, तू नाही लिहिलं तं कोणं लिहिलं? तीनही खेपी माहीत नाही म्हटलं. तुमाले कितीदा विचारलं, सर?
नियमाप्रमाणे सॅल्यूट केला आणि गेली. मी उन्हातच उभा.
विचारलं नव्हतं. एकदाही नाही. साहेब लस्सी पीत होते, पत्राचा विषय जवळजवळ संपलाही होता. कूलरबद्दल कॉन्फरन्समध्ये फक्त दीक्षाच बोलली होती, सर, असं मी म्हटलं. ग्लास खाली ठेवून, आपणहून म्हटलं.
लाज वाटते आहे. इथे लिहितानाही वाटते आहे.
श्वेताने आत्ता येऊन विचारलं, जेवून काहून नाही राहिले? ऊन लागलं, म्हणून सांगितलं.