डावीकडची भुरी

प्रिय वहिनी,

गुलाबांचे फोटो मिळाले. औषध बदलायचं का, असं तू विचारलंस. बदलू नकोस. औषध चांगलं आहे, ते पानांपर्यंत पोहोचत नाहीये, इतकंच. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तू फोन उचललास की शेजारून बाबांच्या हसण्याचा आवाज येतो आणि मग मी तुटक बोलायला लागते. म्हणून लिहायला बसले.

खरं सांगू? फोटो बघून आधी मला बरं वाटलं. पानांवर पीठ सांडल्यासारखी भुरी, कळ्या मुरडलेल्या, आणि मी इथे झाडांच्या रोगनिदान केंद्रातल्या माझ्या टेबलाशी बसून मनात म्हणतेय, बघा, मी नसले की काय होतं! दिवसभर मी लोकांना तळमळीने सांगत असते, की केवळ माहिती नव्हती म्हणून कुणाचं एकही झाड जायला नको. आणि घरच्या बागेला बुरशी लागली तर मला गुदगुल्या. घरातली पहिली पदवीधर ती ही!

तुला माहीत नसेल, फवारणी हे आमचं दोघांचं काम होतं. बाबांच्या पाठीवर पंप आणि माझ्या हातात दुबेळक्याची, टोकाला बेचकी असलेली काठी. मी काठीने फांदी उचलून पानं उलटी करायची आणि बाबा खालून बारीक तुषार सोडायचे. लहान मुलीला न्हाऊ घालावं तसे ते झाडाशी बोलायचे, 'हं, पाठ फिरव बाई, लाजतेस काय.' औषधाच्या वासाने दादाला शिंका यायच्या, त्यामुळे तो फिरकायचाच नाही. त्या वेळी बाबा संपूर्ण माझे असत. मी हाच विषय का घेतला असं मुलाखतीत विचारलं, तेव्हा मी काहीतरी मोठं, समाजाच्या उपयोगाचं बोलले. तेही खरंच होतं. पण त्याच्याही आधी ती काठी होती.

मागच्या सुट्टीत घरी आले तर काठी तुझ्या हातात. बाबांनी मास्क लावलेला, हातमोजे घातलेले. ते दोन्ही मीच पाठवले होते आणि मी ओरडून ओरडून दमले तरी त्यांनी कधी घातले नव्हते. तू म्हणे फक्त म्हणालीस, 'बाबा, नाक उघडं दिसलं तर आज चहा नाही,' आणि काम झालं! मी पुढे झाले तर मला म्हणाले, 'तू बस गं, पाहुणी आलीस.' पाहुणी! मग मी मुद्दाम त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले, केंद्रातल्या गमती सांगत राहिले, आणि ते सगळा वेळ तुझ्याकडेच वळून बोलत होते. मध्येच दचकून म्हणाले, 'अशी मांजरीसारखी काय येऊन उभी राहतेस?' संध्याकाळी मी चहाचा कप पुढे केला, तो त्यांनी घेतलाच नाही. तू माझ्या हातातून घेऊन दिलास, तर लगेच घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन घासलेलं पातेलं पुन्हा घासलं. आई हसत म्हणाली, 'जळतेस का गं वहिनीवर?' मी म्हटलं, छे, काहीतरीच!

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी चांगलं टोमणे मारून लिहायला घेतलं होतं. आधी रोगट पानं काढून पिशवीत बांध, कोपऱ्यात ढीग लावू नकोस. वारा पडलेला असताना, सकाळी लवकर फवारा. औषध बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाल, मनाने एक झाकण जास्त नको. पान दोन्हीकडून ओलं दिसलं पाहिजे, पण औषध खाली गळता कामा नये. एवढं लिहून झालं आणि तुझी काठी कुठे चुकते हे दाखवून द्यायला मी फोटो मोठे करून पाहिले.

तुझी काठी कुठेच चुकलेली नाही. हे लिहितानाही मला आवडत नाहीये. प्रत्येक झाडाची उजवी बाजू स्वच्छ आहे, पानांच्या पाठीसकट. भुरी आहे ती डावीकडे. एका झाडावर नाही, सगळ्या झाडांवर, समोरून पाहिलं की डावीकडेच. पंप तुंबला असता तर कुठेही ठिपके राहिले असते. हे तर असं आहे, की फवारणाऱ्याच्या लेखी झाड तिथे संपतंच. आणि मग मला आठवलं, मी कुठे उभी होते ते. कप कुठल्या बाजूने पुढे केला होता तेही.

वहिनी, ते मला टाळत नव्हते गं. मी त्यांना दिसतच नव्हते.

क्षणभर इतकं हलकं वाटलं, आणि मग हलकं वाटल्याचीच भीती वाटली. इथे आमच्या केंद्राच्या पलीकडच्या गल्लीत डोळ्यांचं हॉस्पिटल आहे, तिथल्या डॉक्टरबाईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण कडेची नजर अशी गुपचूप जाऊ शकते, समोरचं स्वच्छ दिसत असतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. तसं असेल तर गेलेली परत येत नाही, उरलेली लवकर दाखवलं तर राखता येते. मी लगेच बाबांना फोन केला. त्यांनी काय म्हणावं? 'झाडांची डॉक्टर ना तू, झाडांपुरतं बघ. सुईत दोरा ओवतो मी अजून.' ओवतातही, तीच तर पंचाईत. आई घाबरून देवालाच हाका मारायला लागली. दादा म्हणाला, बघू, कामातून मोकळा झालो की.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते तुला. त्यांना या आठवड्यात डोळे तपासायला घेऊन जा. मी समजावलं, चिडले, फोनवर रडले, त्यांच्यावर ढिम्म परिणाम नाही. तू नेहमीसारखं काहीतरी एकच वाक्य म्हणशील आणि ते कुरकुरत चपला घालतील, मला ठाऊक आहे. ही तुझी गोष्ट मला डोळ्यांत खुपते. आज तीच तुझ्याकडे मागतेय. दवाखान्यात त्यांच्या डावीकडून चाल, तिकडे पायऱ्या असल्या तर त्यांना कळणार नाहीत. आणि ते घराबाहेर पडले की मला कळव. मी आनंदाने रडेन. त्यातलं थोडं रडणं तुझ्यावर जळून असेल, तेवढं चालवून घे.

तुझीच,
रुसलेली, तरी तुझ्याच भरवशावर बसलेली
नणंद