सत्त्याण्णव कड्या

मु. चिंचटेकडी, ता. पाटोदा, जि. बीड
दि. ११ जुलै, गुरुवार, दुपार

चि. आम्रपालीस,

आबाचा जय भीम आणि लई लई आशीर्वाद.

इकडं आमी दोघं खुशाल हाओत. तुझ्या आईचा गुडघा बरा हाय. तू सोमवारी बीडला गेलीस तवापासून शेळीनं वरडून घर डोक्यावर घेतलंय. शेजारची ताराबाई रोज इचारती, "आमूचं पोलीस भरतीचं ग्राउंड कधी?" आन मी रोज सांगतो, शनिवारी. ज्योत्स्नाला म्हणावं, मैत्रिणीला चार दिवस ठेवून घेतलंस, लई उपकार झाले. तिच्या घरी कामाला हात लाव, पण शनिवारपातूर घागर-बिगर उचलू नको. खांदा धरला तर गोळा कसा फेकशील?

फोन असताना पत्र कावून, असं तुला वाटलं असल. रोज फोनवर तू इचारतीस, "आबा, होईल ना?" आन मी म्हणतो, "होतंय की, त्याला काय झालं." असं म्हणताना माझी जीभ जड होती. तोंडानं सांगायची छाती झाली न्हाई. म्हणून ही चिठ्ठी सुग्रीवच्या जीपमधी देतोय. तो उद्या सकाळी तुझ्या हातात देईल. एकटी बसून वाच.

तू बीडच्या अकॅडमीचा कागद आणलता, आठवतं? जिम, कोच, राहायची सोय, सगळं त्यात व्हतं. शिलाईचे पैसे तू त्याच्यासाठीच साठवलते. मी कागद उघडून बी बघितला न्हाई. म्हणलो, "पळायला कशाला पैसे? रस्ता सरकारचा, हवा फुकटची. जिममधी काय सोन्याचं लोखंड असतं?" तू हसलीस आन ऐकलंस.

मग मी काय कमी केलं का, तूच सांग. तेलाच्या डब्यात सिमेंट वतून वजनं केली. लटकायला लिंबाला पाईप बांधला. ट्रॅक्टरचं फुटकं टायर आणून तुझ्या कमरेला दोर लावला. लोक म्हणले, "कचरूनं लेकीचा बैल केला." तू म्हणलीस, "बोलू द्या आबा, बैलाला भरती नसती." तवा मी किती हसलो!

आन आठशे मीटरचं मोजमाप तर माझ्या घरचंच काम. तीस वर्षं बांधकाम खात्यात मैलकुली व्हतो, रस्ते मोजण्यात हयात गेली. रिटायर झालो तवा भंगारात काढलेली मोजणीची साखळी मी साहेबाला मागून आणलती. वीस मीटरची, शंभर कड्यांची. फाट्याच्या पुलापासून चाळीस वेळा ती रस्त्यावर टाकली आन शेवटाला चुना लावलेला दगड रवला. तुला म्हणलो, "हे आठशे. बोटभर फरक निघाला तर नाव बदलीन."

नाव बदलायची वेळ आली, माय.

त्या साखळीला तीन कड्या कमी हायेत. सत्त्याण्णवच हायेत. कामावर असताना ती एकदा रोलरखाली तुटलती. तवा मीच तार घालून जोडलती, ह्याच हातानं, आन साफ इसरलो. तीन कड्या म्हणजे साठ सेंटिमीटर. चाळीस वेळा टाकली, चोवीस मीटर गेले. तू सात महिने आठशे पळालीच न्हाईस. सातशे शहात्तर पळालीस.

तुझा टाइम दोन मिनिटं सेहेचाळीस येतो तो त्याचाच. पुऱ्या आठशेला तू दोन एक्कावन्नच्या आसपास जातीस. आन पुरे मार्क दोन पन्नासच्या आत. मागच्या भरतीला तू एका मार्कानं राहिलीस, आन वयाच्या अटीत ही तुझी शेवटची. हे सगळं मला ठाऊक असताना मी गप बसलो.

हो, गप बसलो. आज न्हाई कळलं मला. दीड महिना झाला.

बद्रीनाथ पाटलाचा अंगद आपल्या रस्त्यावर पळायला आलता, ते नवं घड्याळ घालून. तू वजनं आणायला घरी गेलतीस. त्यानं मला बाजूला घेतलं. "काका, तुमचा रस्ता आखूड हाय. घड्याळ पावणेआठशेच दाखवतंय." माझं डोकं सणकलं. म्हणलो, "बे, तू जन्मायच्या आधीपासून मी रस्ते मोजतोय. जा, आधी घड्याळ दुरुस्त कर!" पोरगं गरीब, आपलं पळायला निघून गेलं. दुसऱ्या दिवसापासून ते दगडाच्या पुढं लिंबापर्यंत पळायला लागलं. तू म्हणलीस, "अंगद येड्यासारखा पुढं कावून पळतोय?" मी म्हणलो, "पाटलाचं पोरगं हाय, रग जास्त असती."

घरी येऊन साखळी अंगणात पसरली आन कड्या मोजल्या. तीनदा मोजल्या. तिन्ही वेळा सत्त्याण्णव.

दुसऱ्या दिवशी तू उठायच्या आधी जाऊन मी दगड चोवीस मीटर पुढं नेला. म्हणलो, न सांगताच दुरुस्त होईल. तू पळालीस. दोन एक्कावन्न. पुलावर बसून तू जी रडलीस! "आबा, माझ्यात दम न्हाई राहिला. वय झालं माझं." त्या दिवशी भाकरीला हात लावला न्हाईस. आन मी तुला सांगितलं की घड्याळाचं बटन अडकलं असल. दुसऱ्या दिवशी दगड व्हता तिथं आणून ठेवला. परत सेहेचाळीस आला, तू मला कडकडून मिठी मारलीस. माझं काय झालं असल तवा? पण तोंडानं म्हणलो, "बघ, म्हणलो नव्हतो?"

काल तुझ्या आईला सांगितलं. ती भाकरी थापत व्हती. थापती तशीच परातीत टाकून म्हणली, "तुमी लिवता का मी जाऊ बीडला?" मी म्हणलो, "सिंधू, ऐन वक्ताला पोरीचा धीर सुटल." ती म्हणली, "धीर तिचा न्हाई, तुमचा सुटलाय." तवापासून माझ्याशी बोलत न्हाई. चहा आणून ठेवती आन जाती.

तिला वाटतं, तुझं रडणं बघवलं न्हाई म्हणून मी दगड मागं आणला. मी हो म्हणलो. पण ते पुरं खरं न्हाई, आन आता लिवायला बसलोच हाय तर काय लपवू?

दगड उचलताना माझ्या मनात आलं, न्हाई लागली तर न्हाई लागली. घरीच राहील.

तू सासर सोडून आलीस त्याला तीन वर्षं झाली. लोक हळहळले, मी बी हळहळलो. पण पहाटं तू पुढं पळतीस आन मी सायकलवर मागं, हातात घड्याळ, ते दोन तास मला लई गोड लागत व्हते. रिटायर झाल्यापासून मला कुणी काही इचारत नव्हतं. तू इचारायचीस, "आबा, किती आला?" अकॅडमीला बी मी पैशापायी न्हाई म्हणलो न्हाई. पैसे तुझे व्हते, मला काय धाड भरलीती! तू जाशील म्हणून न्हाई म्हणलो. बाप म्हणून ह्याची मला लाज वाटती.

आता कामाचं ऐक. रड, राग धर, पण हे ध्यानात ठेव. तुझं अंग दगडापाशी संपायला शिकलंय. ग्राउंडवर ते जिथं "झालं" म्हणल तिथून अजून चोवीस मीटर राहिलेले असतील. म्हणून पहिल्या फेरीला पुढच्या पोरींच्या मागं लागू नको, पाच-सहा पावलं मागं राहा. रोजच्या जागी जोर लावू नको. शेवटचं वळण संपलं, समोर सरळ पट्टी दिसली, की मग लाव. एक-दीड सेकंद काढायचाय. तो तू काढू शकतीस. टायर वढून झालेले पाय खरे हायेत आमू, त्यात माझी साखळी न्हाई.

मी शनिवारी बीडला येत न्हाई. तुझ्यासाठी घड्याळ धरायचा हक्क मी घालवलाय. आई येईल, सुग्रीवच्याच जीपनं. तिच्याजवळ गूळ-शेंगदाणे देतो.

पळून झालं की फोन कर. आधी पोटभर शिव्या दे, मग टाइम सांग. मी फोन ठेवणार न्हाई. आन लागलीस, तर लांबची ड्युटी मिळाली म्हणून माघारी येऊ नको. मी रडलो तरी येऊ नको.

होणाऱ्या पोलीस आम्रपालीचा पहिला गुन्हेगार,

कचरू